पावडरचा डबा आणि जिरावन

“ताई, हा मला बाथरूमलासुद्धा एकटीला जाऊ देत नाही. दाराला नाक लावून बसतो. कोपऱ्यावरून सांची दुधाची पिशवी आणायला गेले तरी गल्ली डोक्यावर घेतो. लोकांना वाटतं, मी मारते त्याला.”

दिवाळीनंतरच्या आठवड्यात इंदूरच्या रामबागेतल्या एका काकूंचा त्यांच्या कुत्र्याबद्दल हा फोन. कुत्र्यांच्या वागण्याबद्दल असे फोन मला महिन्यातून चार-पाच तरी येतात, म्हणून ही हकिगत काकूंना विचारून लिहितेय. माणसांची नावं देत नाही. कुत्र्याचं खरं आहे, त्याची हरकत नसावी. पांढऱ्या अंगावर तपकिरी-काळे ठिपके, म्हणून मुलानं नाव ठेवलं जिरावन, इंदुरी पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला. घरात जिरू. वय चार, देशी, पावसाळ्यात एका स्कूटरखाली सापडलेला.

मुलाला जुलैत पुण्याला नोकरी लागली. जिरू त्याच्याच पलंगाच्या पायथ्याशी झोपायचा. पहिले आठ-दहा दिवस तो संध्याकाळी फाटकाशी बसून राहिला आणि मग त्यानं काकूंचा पदर धरला तो सोडलाच नाही. आल्यागेल्यांनी कौतुक केलं, “किती जीव आहे हो तुमच्यावर!” कुत्र्याच्या चिकटपणाचं असंच असतं. आपल्याला बाहेर जायचं नसतं तोवर ती माया, जायची वेळ आली की खोडी. खरं तर ती दोन्ही नाही. ती भीती आहे, आणि एक माणूस घरातून गेलेलं त्यानं नुकतंच पाहिलं होतं.

मी पोचेपर्यंत बरेच उपाय होऊन गेले होते. ओट्यावर साखळीनं बांधून पाहिलं, तर ओढून ओढून गळ्याला चट्टा पडला. कुणी वर्तमानपत्राची सुरळी दाखवायला सांगितलं. एका ट्रेनरनं सांगितलं की तीन दिवस त्याच्याकडे बघूच नका, आपोआप सुटेल. त्या तीन दिवसांत जिरू नीट जेवला नाही, काकूही नाहीत. दुसरा कुत्रा आणायचं चाललं होतं, ते मी थांबवलं. काका घरात असतानाही जिरू दाराशी कुंईकुंई करायचा. हवं होतं ते एक विशिष्ट माणूस, नुसती सोबत नव्हे. अशा वेळी दुसरा कुत्रा आणला की बहुधा घाबरलेला एक तसाच राहतो आणि खाणारी तोंडं दोन होतात.

लांब लोटून कुत्रा स्वावलंबी होत नाही. ज्याला भीती वाटते त्याला लोटलं की तो आणखी घट्ट धरतो. भीती वाटत असताना कुत्र्याला जवळ घेतलं तर तो बिघडतो, हाही गैरसमजच. फटाक्यांत तो थरथरत असेल तर खुशाल हात ठेवा पाठीवर.

पहिल्या दिवशी मी काकूंना एवढंच म्हटलं, मोबाइल फ्रिजवर ठेवा, व्हिडिओ चालू करा आणि काकांना घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन या. बारा मिनिटांचा तो व्हिडिओ आम्ही तिघांनी बसून पाहिला. पहिलं मिनिट संपायच्या आत कुंईकुंई, तिसऱ्या मिनिटाला भुंकणं, मग दाराच्या कडीखाली पंजे, आणि शेवटी तोंड वर करून लांबलचक रडणं. परतल्यावर दारापाशी लाळेचं थारोळं. काका तोवर “लाडावलाय” म्हणत होते, ते गप्प झाले. मालकाच्या पाठोपाठ घरभर फिरणारे पुष्कळ कुत्रे तो गेल्यावर मजेत झोपतात. ते नुसते चिकट. जिरू त्यातला नव्हता. हा फरक अंदाजानं कळत नाही, व्हिडिओतच कळतो.

पशुवैद्यांकडून तपासणी आधी करून घेतली. दुखणं, लघवीचा त्रास, गोचीड ताप, म्हाताऱ्या कुत्र्यात स्मृती किंवा कान कमी होणं, यांनीही कुत्रा चिकटतो. जिरू ठणठणीत निघाला.

मग मी काकूंना म्हटलं, तुम्ही बाहेर जायला निघता तशा निघा, मी नुसती बघते. काकूंनी देवाजवळच्या समईची वात सारखी केली. गॅसची खुंटी पाहिली. केसांवरून फणी फिरवली. जिरू पायावर पाय टाकून पडलेला, डोळे अर्धे मिटलेले. मग त्यांनी कपाटावरचा पावडरचा डबा काढला आणि झाकण फिरवलं. तेवढ्यानं त्याचे कान मागे गेले, तोंड उघडलं आणि धाप सुरू झाली. पर्स अजून खुंटीवरच होती, चपला दाराबाहेर. पुढे “येते हं राजा, लवकर येते, रडायचं नाही हं” हे पाच मिनिटांचं भाषण व्हायचं, पण त्याची गरजच नव्हती. जिरूसाठी काकू पावडरच्या वासालाच घराबाहेर पडलेल्या असायच्या.

म्हणून सुरुवात पावडरपासून केली. दिवसातून चार-पाच वेळा पावडर लावायची आणि मेथी निवडायला बसायचं. पर्स खांद्याला अडकवून कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या. चपला घालायच्या, काढायच्या. “दिवसभर नटून बसते,” म्हणून काकांना करमणूक झाली. दोन आठवड्यांनी झाकण फिरलं तरी जिरू एक डोळा उघडून बघायचा, बस.

त्याच्याच जोडीला गोधडी. मुलाची जुनी गोधडी, न धुतलेली, स्वयंपाकाच्या ओट्यापासून तीन हातांवर. जिरू तिच्यावर पडलेला असताना पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा तिथेच जाऊन पडायचा. पायात आला तर रागावणं नाही, ढकलणं नाही, पण तुकडाही नाही. चौथ्या दिवशी त्याला हिशेब कळला. मग गोधडी रोज थोडी सरकत गेली, उंबऱ्यापर्यंत, मधल्या खोलीत, खिडकीखाली. सकाळचं फिरणं आणि रात्रीचं जेवण काकांकडे दिलं. काका घाई करणारे नाहीत, प्रत्येक खांबाशी त्याला हवं तेवढं हुंगू द्यायचे. पळवून दमवण्यापेक्षा हे हुंगणं कुत्र्याला जास्त निवांत करतं. सगळा जीव एकाच खुंटीला टांगलेला होता, तो हळूहळू दोन खुंट्यांवर आला.

या काळात एक पथ्य कडक होतं. जिरूला झेपेल त्यापेक्षा जास्त वेळ एकटं ठेवायचंच नाही. सकाळी त्याला एकटं ठेवून तीन सेकंद दाराबाहेर थांबण्याचा सराव करून दुपारी दोन तास कोंडून गेलात तर सकाळची मेहनत पाण्यात. काकूंनी डिसेंबरातलं एक केळवण सोडलं. त्यावरून नणंद बोलली, तेही ऐकून घेतलं. लोक कंटाळतात ते इथेच, आणि मी त्यांना दोष देत नाही.

दाराबाहेरचे सेकंद काकूंनी कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहिले. ३, ५, २, ८, ४, १०, ६. मुद्दाम वरखाली, कारण आकडा रोज नुसता वाढतच गेला तर कुत्र्यालाही कळतं की दर वेळी आधीपेक्षा वाईटच होणार. तो रडायच्या आत परत यायचं, आणि आल्यावर सोहळा नाही. “येते हं” म्हणायला बंदी नाही, फक्त ते दोन शब्दांतच संपवायचं.

चार मिनिटांवर गाडी अडली ती आठ दिवस अडली. काकू हिरमुसल्या, झोपेची गोळी मिळेल का म्हणाल्या. गुंगीनं अंग लुळं पडतं, भीती आत तशीच राहते, म्हणून तो रस्ता मी दाखवत नाही. काही कुत्र्यांना औषध खरंच लागतं. तीन सेकंदही सहन होत नसतील, दात किंवा नखं तुटेपर्यंत दार ओरबाडलं जात असेल, तर पशुवैद्य फ्लुऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन सुरू करतात. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि सराव तरीही करावाच लागतो. घरातल्या माणसाच्या पाकिटातली गोळी मात्र कधीच देऊ नका. जिरूची अडचण वेगळीच निघाली. काकू रोज सकाळी सराव करायच्या आणि नेमक्या त्याच वेळी महापालिकेची कचरागाडी भोंग्यावर गाणं वाजवत गल्लीत शिरायची. आपल्या स्वच्छ इंदूरचा हाही एक खर्च! सराव दुपारी तीनला नेला आणि पाच दिवसांत सात मिनिटं झाली.

दहा मिनिटांपुढे आम्ही जाताना त्याला खाऊ द्यायला लागलो. रबरी पोकळ खेळण्यात दही-भात भरून फ्रीजरमध्ये गोठवलेला, मिठाशिवाय, फोडणीशिवाय. कांदा-लसूण आणि मनुके कुत्र्याला बाधतात, म्हणून उरलेला मसालेभात त्यात भरायचा नाही. सुरुवातीलाच हे दिलं असतं तर उपयोग नव्हता. घाबरलेला कुत्रा सहसा खात नाही. जिरू गोठलेला भात चाटत बसला, याचाच अर्थ भीती आवाक्यात आली होती.

होळीपर्यंत चाळीस मिनिटं झाली. रंगपंचमीला राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक निघाली, गल्लीतही ढोल आणि टँकर आले, आणि दुसऱ्या दिवशी जिरू पाच मिनिटांवर परत. काकू फोनवर रडल्या. मी म्हटलं, कॅलेंडर काढा, पुन्हा दोन सेकंदांपासून. या वेळी पंचवीस मिनिटांवर पोचायला आठवडा पुरला.

आता काकू गुरुवारच्या भजनाला जातात, जाऊन-येऊन सव्वा तास. पुण्याला दोघं मिळून मुलाकडे गेलेले नाहीत, ते इतक्यात जमेलसं वाटत नाही. बाथरूमच्या दाराशी जिरू अजूनही बसतो. बसू दे, त्यानं कुणाचं काही अडत नाही.

परवा काकांचा मेसेज आला. उकाड्यात त्यांनी घामोळ्यांच्या पावडरचं झाकण फिरवलं, तर हा स्वतःच्या पायांनी गोधडीवर जाऊन बसला आणि फ्रिजकडे बघायला लागला. दही-भात लावलेलाच नव्हता. शेवटी पनीरवर भागवावं लागलं.