तिथला मेयर म्हणजे नेमका कोणता? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात पत्रं आणि मेल मिळून निम्मे प्रश्न इंग्लंडचे निघाले, त्यातही तिथली मनपा, तिथला मेयर, तिथला टॅक्स. पोरंपोरी शिकायला नाहीतर नोकरीला गेली की इथे नागपुरात बसून आईबाबांना तिथल्या कचरागाडीचं टाइमटेबल पाठ होतं, त्याला इलाज नाही. तर या वेळेस तेच घेऊ.

प्रश्न: ताई, माझी मुलगी केंब्रिजला शिकते. तिच्या गल्लीत रस्त्यावर हा एवढा खड्डा, सायकलवरून पडता पडता वाचली. तिनं तिथल्या मेयरला मेल टाकला तर उत्तर आलं की हे आमच्याकडे येत नाही, काउंटीला कळवा. मग कचऱ्याचा डबा मिळाला नाही म्हणून काउंटीला विचारलं तर ते म्हणे सिटी कौन्सिलला विचारा. आपल्याकडे मनपा म्हणते हा लेआउट नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) आणि नासुप्र म्हणते आम्ही केव्हाच हस्तांतर केला, तसंच तिथेही चालू राहिलं काय? (एक वाचक, मनीषनगर)

उत्तर: टोलवाटोलवी नाही काका, दोघंही खरंच बोलून राहिले. खड्डा काउंटीचा, डबा सिटीचा.

केंब्रिजसारख्या ठिकाणी दोन मजली कारभार आहे. वर काउंटी कौन्सिल, तिच्याकडे रस्ते, शाळा, लायब्ररी, म्हाताऱ्या आणि आजारी माणसांची देखभाल. खाली डिस्ट्रिक्ट कौन्सिल, तिच्याकडे कचरा उचलणं, घरबांधणीच्या परवानग्या, बागा, आणि गंमत म्हणजे सगळ्यांचा टॅक्स गोळा करणंही तिच्याचकडे. आपल्याकडे जिल्हा परिषद आणि पंचायत समिती असते तशी ही उतरंड वाटते, पण फरक असा की आपली जिल्हा परिषद शहराच्या वेशीवर थांबते, नागपूर शहरात तिचा काही संबंध नाही, तिथली काउंटी मात्र शहराच्या आतही असते. म्हणजे केंब्रिज शहरातल्या एकाच गल्लीवर दोन कौन्सिलांची सत्ता, आणि घोळ होतो तो इथेच. १९७२ च्या कायद्यानं ही रचना आली, १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली.

आणि हे सगळीकडे असंच आहे असंही नाही. मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅमला एकच कौन्सिल सगळं बघते, तिथे आधी वरचा मजला होता, १९८६ मधे सरकारनं तो पाडून टाकला. सॉमरसेट आणि नॉर्थ यॉर्कशरमधे २०२३ ला खालच्या सगळ्या डिस्ट्रिक्ट बरखास्त करून एकच कौन्सिल केली. डिसेंबर २०२४ मधे तर सरकारनं श्वेतपत्रिकाच काढली की उरलेली दोन मजली व्यवस्थाही मोडायची, त्यामुळे मुलीची डिग्री होईस्तोवर पाटी बदलली तर दचकू नका. तिला म्हणा सरकारी वेबसाइटवर पोस्टकोड टाकायचा, आपल्या पत्त्याला कोणकोणत्या कौन्सिल लागू आहेत ते नावानिशी येतं, खड्ड्याची तक्रारही तिथूनच पुढे जाते. मेयरला मेल टाकू नको म्हणा, का ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला की आपल्या भारतातला एक माणूस लंडनमधे मेयर झाला, अभिमान बाळगा वगैरे. मी म्हटलं लंडनचा मेयर तर सादिक खान आहे, तर ग्रुपवर दोन दिवस भांडण चाललं, एकानं तर ग्रुपच सोडला. खरं कोण? (एक वाचिका, त्रिमूर्तीनगर)

उत्तर: दोघंही बरोबर असू शकता, ग्रुप सोडलेल्याला परत ॲड करा. इंग्लंडमधे मेयर चार प्रकारचे आहेत आणि बातमी देणारे कोणता ते सांगत नाहीत.

सगळ्यात जास्त आढळतो तो नुसता मानाचा मेयर. बरोच्या, म्हणजे स्वतःची कौन्सिल असलेल्या गावाच्या किंवा शहरातल्या भागाच्या, कौन्सिलचे नगरसेवक आपल्यातल्याच एकाला वर्षभरासाठी मेयर करतात, तो सभागृहात अध्यक्षाच्या खुर्चीवर बसतो, गळ्यात सोन्याची जड साखळी घालून शाळेच्या गॅदरिंगला, दिवाळीच्या कार्यक्रमाला, नवीन दुकानाच्या फीत कापायला जातो, आणि वर्ष संपलं की साखळी दुसऱ्याच्या गळ्यात. केंब्रिजचा मेयरही हाच, त्याच्या हातात खड्ड्याचं काहीच नाही. काही मोठ्या शहरांत याला लॉर्ड मेयर म्हणतात, मान वाढतो, अधिकार तेवढेच. आपल्या मराठी पेपरात जे "भारतीय वंशाचे मेयर" येतात ते बहुतेक या जातीचे असतात. कौतुक करूच नये असं नाही, वर्षानुवर्षं नगरसेवक म्हणून काम केल्याशिवाय ती खुर्ची मिळत नाही. पण त्या बरोत पैसा कुठे जाणार हे ठरवतो तो लीडर, म्हणजे जास्त नगरसेवकांच्या पक्षाचा नेता, आपल्या मनपातल्या सत्तापक्षनेत्याला स्थायी समितीच्या सभापतीचे अधिकारही देऊन टाकले तर जो होईल तो. त्याच्या गळ्यात साखळी नसते म्हणून त्याचा फोटो फॉरवर्ड होत नाही.

दुसरा प्रकार, लोकांनी थेट निवडलेला कौन्सिलचा मेयर, आपल्या कामठी-काटोलला नगराध्यक्ष थेट जनतेतून येतो तसा. हा २००० च्या कायद्यानं आला. लंडनमधे ३२ बरो आहेत, त्यातल्या पाचच ठिकाणी असा मेयर आहे, हॅकनी, लुइशम, न्यूहॅम, टॉवर हॅम्लेट्स आणि क्रॉयडन. बाकी देशाला ही कल्पना फारशी रुचली नाही. २०१२ मधे मोठ्या शहरांत सार्वमत घेतलं की तुम्हाला असा मेयर पाहिजे काय, नव्यानं हो म्हणणारं ब्रिस्टल एकटंच निघालं, आणि त्यांनीही २०२२ मधे परत मतदान करून ते पद मोडीत काढलं. हार्टलपूलचा किस्सा तर ऐकाच. तिथल्या फुटबॉल टीमचा मॅस्कॉट म्हणजे माकड, नेपोलियनच्या काळात तिथल्या कोळ्यांनी एका माकडाला फ्रेंच हेर समजून फाशी दिलं अशी दंतकथा आहे त्यावरून. २००२ मधे त्या माकडाच्या ड्रेसमधे मैदानावर नाचणारा स्टुअर्ट ड्रमंड, शाळेच्या पोरांना फुकट केळी देऊ म्हणून निवडणुकीला उभा राहिला आणि निवडून आला! बरं, नुसता हशा झाला असंही नाही, पुढे २००५ आणि २००९ ला लोकांनी त्यालाच परत निवडलं, म्हणजे काम बरं केलं असणार. शेवटी २०१२ च्या मतदानात पदच गेलं.

तिसरा प्रकार मोठा, अख्ख्या प्रदेशाचा मेयर. सादिक खान यातले. हे पद २००० मधे सुरू झालं, त्यांच्याकडे बस, ट्यूब म्हणजे भुयारी रेल्वे, पोलिसांवर देखरेख, फायर ब्रिगेड, शहराचा विकास आराखडा. कचरा आणि शाळा नाही, ते बरोकडे. आणि बरो त्यांच्या हाताखाली नसतात हे लक्षात घ्या. २०२३ मधे त्यांनी जुन्या धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा रोजचा चार्ज सगळ्या लंडनला लावायचं ठरवलं तर चार बरो आणि शेजारची सरे काउंटी त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेल्या. हरल्या, पण गेल्या. मँचेस्टरकडे दहा कौन्सिल मिळून असाच एक मेयर आहे, २०१७ ला अँडी बर्नहॅम निवडून आले, नंतर २०२१ आणि २०२४ लाही. तिथे १९८६ पासून बस खासगी कंपन्यांच्या मर्जीवर धावत होत्या, कोणता रूट ठेवायचा, तिकीट किती घ्यायचं सगळं तेच ठरवणार. बर्नहॅमनी सप्टेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं त्या ताब्यात घेतल्या, जानेवारी २०२५ मधे काम पुरं झालं, आता गाडी कोणीही चालवो, रंग पिवळा आणि रूट मेयरचा. माझ्या मते इंग्लंडमधे मेयर या पदाला वजन आलं ते या तिसऱ्या प्रकारामुळेच.

चौथा म्हणजे लॉर्ड मेयर ऑफ लंडन, जेमतेम एक चौरस मैलाच्या जुन्या सिटीचा, वर्षभरासाठी. त्याला जुन्या व्यापारी संघांचे सभासद निवडतात आणि नोव्हेंबरात त्याची सोनेरी बग्गीतून मिरवणूक निघते. सादिक खानशी त्याचा काही संबंध नाही.

प्रश्न: मी मनपातून रिटायर झालो, झोन ऑफिसात हयात गेली. तिथे आयुक्त कोण असतो हे कोणीच सांगत नाही. आयएएससारखं तिकडे काही आहे का? (एक निवृत्त कर्मचारी, हनुमाननगर)

उत्तर: भाऊ, तुमच्या प्रश्नात खरी मेख आहे. मेयर कोण याच्यापेक्षा आयुक्त कोण हे विचारलं की दोन्ही देशातला फरक दिसतो. आपल्याकडे आयुक्त राज्य सरकार पाठवते, बदलीही सरकारच करते, कारभाराचे अधिकार त्याच्याकडे, महापौर अडीच वर्षं मानानं बसतात. म्हणून तर मार्च २०२२ नंतर नागपुरात नगरसेवकच नव्हते तरी गाडी चालू राहिली, कारण गाडी चालवणारा आधीपासून वेगळाच होता.

तिथे कौन्सिल स्वतः जाहिरात देते, मुलाखती घेते आणि चीफ एक्झिक्युटिव्ह नेमते. तो कौन्सिलचा नोकर, लंडनहून आलेला साहेब नाही. नगरसेवकांनी ठराव केला आणि साहेबांनी फाइल दाबून ठेवली हा प्रकार म्हणूनच तिथे अवघड आहे. पण याची दुसरी बाजूही आहे, चुकले तर नगरसेवकांना साहेबावर ढकलता येत नाही. बर्मिंगहॅमचं झालं तेच. १०१ नगरसेवकांची अवाढव्य कौन्सिल, बायकांना समान पगार न दिल्याचे जुने दावे अंगावर आले, वरून नवीन कॉम्प्युटर सिस्टिम फसली, आणि सप्टेंबर २०२३ मधे त्यांच्याच मुख्य वित्त अधिकाऱ्यानं कायद्याप्रमाणे नोटीस काढली की खर्च आणि जमा जुळत नाही, अत्यावश्यक सोडून नवीन खर्च बंद. मग सरकारनं तिथे कमिशनर पाठवले. म्हणजे आपल्याकडे कमिशनर रोजचा, तिकडे तो आला की समजायचं घर बिघडलं.

आणखी एक, तिथे कौन्सिलला राज्यघटनेचं कवच नाही. आपल्याकडे निदान ७४ वी घटनादुरुस्ती आहे, निवडणुका लांबल्या तरी मनपा कागदावर राहते. तिथे १९८६ मधे थॅचर सरकारचं लंडनच्या ग्रेटर लंडन कौन्सिलशी बिनसलं, लिव्हिंगस्टन तिचे लीडर, थेम्सच्या पलीकडे पार्लमेंटसमोरच त्यांची बिल्डिंग, छतावर बेकारांचा आकडा लावून ठेवलेला. सरकारनं कायदा करून ती कौन्सिलच संपवली. पुढची १४ वर्षं एवढ्या मोठ्या शहराला शहराचं असं सरकारच नव्हतं. २००० मधे मेयरचं पद आलं तेव्हा निवडून कोण आलं, तर तेच लिव्हिंगस्टन, अपक्ष उभे राहून. जुन्या बिल्डिंगमधे आता मत्स्यालय आणि हॉटेल आहे.

प्रश्न: मुलगा मँचेस्टरला नोकरीला लागला, दोन विद्यार्थी मित्रांसोबत भाड्यानं राहतो. कौन्सिल टॅक्सचं बिल फक्त त्याच्याच नावानं आलं. घर तर घरमालकाचं, मग टॅक्स भाडेकरूनं का भरायचा? आणि मित्र काहीच देऊन नाही राहिले. (एक आई, प्रतापनगर)

उत्तर: कारण हा आपल्यासारखा मालमत्ता कर नाही, जो राहतो तो भरतो. मालक खोल्या वेगवेगळ्या भाड्यानं देत असेल तर मात्र मालकावर येतो, करार एकदा बघून घ्या. फुलटाइम विद्यार्थी मोजणीतच धरत नाहीत, घरात सगळेच विद्यार्थी असते तर बिल शून्य. आता मोजणीत तुमचा मुलगा एकटाच मोठा माणूस, म्हणून त्याला २५ टक्के सूट मिळते, पण ती मागावी लागते, मित्रांनी युनिव्हर्सिटीचं सर्टिफिकेट काढून कौन्सिलच्या वेबसाइटवर टाकायचं. ते केलं नसेल तर आजच करायला सांगा. मित्रांकडून काही घ्यायचं का ते त्यांचं त्यांनी बघावं, कायदा काही म्हणत नाही.

बिल नीट वाचायला सांगा, त्यात वरची सगळी भानगड ओळीओळीनं दिसते: एक ओळ मँचेस्टर सिटी कौन्सिलची, एक मेयरच्या पोलीस खर्चाची, एक मेयरच्या बाकी खर्चाची ज्यात फायर ब्रिगेड येते. घर ए ते एच अशा कोणत्या बँडमधे आहे तेही लिहिलेलं असतं, आणि तो बँड ठरतो १ एप्रिल १९९१ ला त्या घराची किंमत काय असती त्यावर! इतक्या वर्षांत कोणत्याच सरकारची इंग्लंडात नव्यानं मोजणी करायची हिंमत झाली नाही, या बाबतीत सगळीकडचे राजकारणी सारखेच. बिल साधारण एप्रिल ते जानेवारी असं दहा हप्त्यांत येतं, हात आखडता असेल तर बारा हप्ते मागता येतात.

प्रश्न: भाचा तिथे वर्क व्हिसावर आहे. तो म्हणतो मला तिथे मतदान करता येतं. फेकून राहिला ना? (एक मामा, इतवारी)

उत्तर: नाही, खरं बोलला. भारत कॉमनवेल्थमधे असल्यानं तिथे कायदेशीर राहणाऱ्या, १८ पूर्ण झालेल्या भारतीय नागरिकाला नगरसेवक, मेयर, इतकंच काय खासदारकीलाही मत देता येतं. नाव मात्र नोंदवावं लागतं, मतदानाच्या १२ कामाचे दिवस आधीपर्यंत. २०२३ पासून बूथवर फोटो ओळखपत्र लागतं, भारतीय पासपोर्ट चालतो.