नागपूरच्या मे महिन्यात थर्मल कॅमेरा (उष्णतेवरून चित्र दाखवणारा) माहितीपत्रकात लिहिलेल्या अंतरापर्यंत माणूस ओळखेल का?

बहुतेक वेळा नाही. तो आकडा सहसा जॉन्सन निकषांवरून (१९५८, अमेरिकी लष्कर) काढतात: लक्ष्याच्या अरुंद बाजूवर कल्पिलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची साधारण एक जोडी वेगळी दिसली तर ‘काहीतरी आहे’, चार दिसल्या तर ‘माणूस की गाडी’ ते कळतं. तेही ५० टक्के शक्यतेनं, हे मात्र बारीक अक्षरात! शिवाय लक्ष्य आणि पार्श्वभूमी यांच्या तापमानात ठरावीक फरक गृहीत असतो. आपल्याकडे ४५ अंशांच्या दुपारी जमीन अंगापेक्षा जास्त तापते, त्यामुळे माणूस उलट गार ठिपका दिसतो. संध्याकाळी जमीन निवताना दोन्ही सारखे झाले की तो जवळपास गायबच. तिथे महागडी लेन्सही फारशी कामाची नाही. चालू इंजिनाची गाडी मात्र तेव्हाही उठून दिसते.