क्वार्टर स्केल कब: जे-३, पीए-११ की पीए-१८? किट मागवायच्या आधी एवढं वाचा

तुम्ही लिहिलंय की खारघरला राहता, फोमची विमानं उडवून झाली, आता पहिलं मोठं लाकडी रिमोटचं विमान म्हणून क्वार्टर स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या एक चतुर्थांश मापाचं, पायपर कब बांधायचंय. जे-३, पीए-११ आणि पीए-१८ ही या छोट्या अमेरिकन विमानाची तीन रूपं, त्यांतलं कुठलं, ते ठरत नाही. आणि परदेशातल्या एका विक्रेत्याकडे ‘जे-३ / सुपर कब’ नावाचं किट स्वस्तात मिळतंय. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. असंच दुहेरी नाव असलेल्या एका खोक्यापायी माझा अख्खा मोसम वाया गेला, पैसे गेले ते वेगळेच.

सर्व्हो (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) किती ताकदीचे, सीजी म्हणजे वजनाचा मध्य कसा तपासायचा, मोटर कुठली, यात शिरत नाही. फोमवर हात बसलाय म्हणजे ते तुम्हाला येतं. थेट मुद्द्यावर येतो.

‘जे-३ / सुपर कब’ असं विमानच नाही. जे-३ आलं १९३८ साली, पायपरच्या पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवनच्या कारखान्यातून. १९४७ पर्यंत जवळजवळ २०,००० बनली. सुरुवातीला ४० हॉर्सपॉवरचं इंजिन होतं, मग ५०, मग ६५. सुपर कब म्हणजे पीए-१८, ते १९४९ चं. मधल्या काळात, १९४७ पासून, पीए-११ आलं. पंखांचा पसारा तिघांचाही साधारण सव्वापस्तीस फूट आणि लांबून आकार सारखाच, म्हणून विक्रेते सगळ्यांना ‘कब’ म्हणून एकाच खोक्यात कोंबतात. बांधणाऱ्याला मात्र फरक पदोपदी आडवा येतो.

माझ्या खोक्याच्या बिलावर जे-३ लिहिलं होतं आणि खोक्याच्या स्टिकरवर पीए-१८. मी बिल बघूनच ऑर्डर दिली होती. माल इथे पोचल्यावर कुरिअरवाल्याचा फोन आला की कागद आणि माल जुळत नाही, तुम्हालाच यावं लागेल. गेलो. कुठल्या कचेरीत ते लिहीत नाही. टेबलावर माझं खोकं एका बाजूने चिरून ठेवलेलं. तिथल्या माणसाने रडरचा, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचा, लाकडी सांगाडा बाहेर काढला, उलटा धरला आणि विचारलं, “हे नेमकं कुठलं मॉडेल?” मी सांगितलं की दोन्ही एकाच घराण्यातली विमानं आहेत, आत फक्त बाल्सा (एक अगदी हलकं लाकूड) आणि प्लाय आहे, इंजिन नाही, रिमोट नाही. तो म्हणाला, मग रिमोटचा परवाना दाखवा. रिमोटच नाही तर परवाना कशाचा? मग विषय ड्रोनवर गेला. मी म्हटलं, तुमची हरकत काय आहे ती लेखी द्या, मी लेखी उत्तर देतो. लेखी काही मिळालं नाही. “वरून कळवू” एवढंच. पुढच्या खेपेला त्या टेबलावर दुसराच माणूस आणि तेच प्रश्न पहिल्यापासून.

या सगळ्यात गोदामाचं भाडं चालूच होतं आणि दिवस पावसाळ्याचे. चिरलेली बाजू एका साध्या चिकटपट्टीने बंद केलेली. शेवटी भाडं, दंड आणि वर आणखी काहीबाही भरून खोकं सुटलं, तेव्हा सगळ्यात वरचे बाल्साचे पत्रे केळीच्या पानासारखे वळलेले होते आणि रिब्सच्या, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या पातळ फळ्यांच्या, गठ्ठ्यावर बुरशीचे काळे ठिपके. आणि घरी आणून मांडल्यावर कळलं की काऊल (इंजिनावरचं झाकण) जे-३ चं आहे आणि शेपटी पीए-१८ ची. म्हणजे बिलही अर्धं खरं आणि स्टिकरही अर्धं खरं. विक्रेत्याला फोटो पाठवले. त्याने एकदा दिलगिरी व्यक्त केली, नंतर उत्तरच नाही.

मला संताप येतो तो नियमांचा नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने ड्रोनची आयात बंद केली, तयार ड्रोन असो की जोडून पूर्ण ड्रोन होईल असं किट. नुसते सुटे भाग आणायला मुभा ठेवली. त्यामागे काही धोरण आहे, ते मला समजतं. पण समोर लाकडाच्या काड्या पडल्या असताना ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढं कागदावर लिहून न देणं, आणि त्या काळाचं भाडं मात्र नागरिकाकडून घेणं, हे मला आजही पटत नाही. लेखी नकार मिळाला असता तर माल त्याच आठवड्यात परत पाठवला असता.

आता, मी वकील नाही, कस्टमचा एजंटही नाही. माझ्या समजुतीप्रमाणे इंजिन आणि इलेक्ट्रॉनिक्स नसलेलं लाकडी किट हे ड्रोन नव्हे, पण माझ्या समजुतीला त्या टेबलावर किंमत नाही. मागवायचंच असेल तर आधी एखाद्या क्लिअरिंग एजंटला बिलाचा मसुदा दाखवा. बिल, खोकं आणि आतलं माहितीपत्रक या तिन्हींवर अक्षरन् अक्षर एकच नाव असेल, हे विक्रेत्याकडून ईमेलवर घ्या. तुमच्या त्या विक्रेत्याने नावातच तिरकी रेघ मारून ठेवलीय. मी तरी ते किट घेणार नाही, कितीही स्वस्त असलं तरी.

त्यापेक्षा नुसता प्लॅन विकत घ्या. तो फाइलमध्ये येतो, कुणी अडवत नाही. बाल्सा इथल्या हॉबी दुकानांतून मिळतो. कापायचं काम ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा तुमच्याकडे तुर्भे-रबाळेच्या एमआयडीसीत करून घ्या. दुकानांच्या पाट्यांसाठी ॲक्रिलिक आणि प्लाय लेझरवर कापणारी मंडळी आहेत, त्यांना फाइल दिली की झालं. फक्त आधी एकच रिब कापून घ्या आणि स्पारची (पंखाच्या मुख्य लांब दांड्याची) पट्टी खाचेत बसते का ते बघा. लेझर स्वतःच्या जाडीएवढं लाकूड खातो, त्यामुळे खाच ढिली होते. फाइलमध्ये तेवढी दुरुस्ती करून मगच बाकीचं कापायला टाका. आणि जळलेल्या कडांवरून पॉलिश पेपर फिरवा, काजळीवर गोंद नीट धरत नाही.

आता कुठलं विमान घ्यायचं ते.

जे-३ चं सगळं सौंदर्य नाकात आहे. इंजिनाचे सिलिंडर दोन्ही बाजूंनी काऊलच्या बाहेर डोकावतात. म्हणजे क्वार्टर स्केलला तुम्हाला खोटे सिलिंडर बनवावे लागणार, आणि ते चांगले नसतील तर विमान खेळण्यासारखं दिसतं. त्यातही जे-३ अनेक इंजिनांवर आलं. नावापुढे सी असेल तर कॉन्टिनेंटल, एल म्हणजे लायकमिंग, एफ म्हणजे फ्रँकलिन, आणि प्रत्येकाचे सिलिंडर वेगळे दिसतात. ज्या विमानाचे फोटो समोर ठेवाल त्याचंच इंजिन बनवा. पेट्रोलची टाकी वैमानिकाच्या पुढ्यात, इंजिनाच्या मागे. काचेसमोर उभी दिसणारी तार म्हणजे पेट्रोलचा काटा, खाली बूच तरंगतं आणि वर तार हलते. ती जरूर लावा. दार फक्त उजव्या बाजूला, वरचा भाग पंखाकडे उघडतो, खालचा खाली पडतो. आणि एकटा वैमानिक मागच्या सीटवर बसतो. पुढच्या सीटवर एकटा बाहुला बसवलेली किती जे-३ मी बघितली आहेत! दिसायला लहानसा तपशील, पण जाणकाराची नजर पहिली तिथेच जाते.

अमेरिकन सैन्याचं एल-४ म्हणजे मूळ जे-३ च, मागे आणि वर जास्तीच्या काचा, रंग लष्करी हिरवा. दिसतं झकास, पण त्या काचांतून आतले सर्व्हो आणि वायरी दिसतात. पहिल्या बांधणीला नको.

पीए-१८ बद्दल थोडं सांभाळून बोलतो, कारण त्याचे भक्त पुष्कळ आहेत आणि खऱ्या विमानाबद्दल त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. १५० हॉर्सपॉवरपर्यंत इंजिन, फ्लॅप (उतरताना पंखाच्या मागच्या कडेला खाली येणाऱ्या पट्ट्या), दोन्ही पंखांत टाक्या, अगदी छोट्या माळावरून उठणारं विमान. पण ‘पीए-१८’ हेही एक विमान नाही. पीए-१८-९५ ला फ्लॅप नाहीत, शेपटी जुन्या पद्धतीची. जास्त ताकदीच्या १२५, १३५, १५० वाल्यांना फ्लॅप आहेत आणि एलेव्हेटरच्या (शेपटीच्या वर-खाली हलणाऱ्या आडव्या भागाच्या) टोकांना पुढे आलेले कान आहेत, बॅलन्ससाठी. माझ्या खोक्यात आलेली शेपटी या कानवाली होती, आणि काऊल १९४० च्या आसपासचं. प्लॅन विकत घेताना पहिल्यांदा एलेव्हेटरच बघा, त्यावरून प्लॅन काढणाऱ्याला विमान किती माहीत आहे ते कळतं. मॉडेलवर फ्लॅप म्हणजे आणखी दोन सर्व्हो, आणि फ्लॅप खाली घेतले की नाक वर उचलतं, त्यासाठी ट्रान्समीटरमध्ये एलेव्हेटरचं मिक्सिंग, म्हणजे फ्लॅपबरोबर एलेव्हेटरही आपोआप हलेल अशी जुळणी. कब मुळातच इतकं सावकाश उतरतं की मला फ्लॅपची गरज कधी वाटली नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पीए-११ बांधा. इंजिन पूर्ण काऊलमध्ये बंद, त्यामुळे खोट्या सिलिंडरची कटकट नाही आणि मोटर छान झाकली जाते. काच जास्त कललेली, टाकी पंखात गेलेली, एकट्याने पुढच्या सीटवरून उडवता येतं, फ्लॅप नाहीत. कबचं नाक आखूड, मॉडेल हमखास शेपटीकडे जड होतं. बंद काऊलमध्ये बॅटरी अगदी पुढे सरकवता येते, नाकात वजनासाठी भरायचं शिसं कमी लागतं. आणि रंग! सुरुवातीच्या पीए-११ चा खालचा अर्धा भाग चमकदार निळा, वर तो नेहमीचा लॉक हेवन पिवळा आणि तपकिरी पट्टा. मैदानावर दहा पिवळी जे-३ असतील तिथे हे एकच असेल. शिवाय आकाशात पोट निळं आणि पंख पिवळे, त्यामुळे विमान आपल्याकडे येतंय की लांब जातंय ते संध्याकाळीही ओळखता येतं. ज्यांना काळ्या विजेच्या पट्ट्याचं पिवळं जे-३ च हवंय त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण मग सिलिंडरवर मेहनत घ्यायची तयारी ठेवा.

थोडं विषयांतर: आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांत वर्षानुवर्षं शिकवणारं पुष्पक कुणीतरी मोठ्या स्केलला बांधायला हवं. एचएएलचं, १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं, ९० हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेंटल इंजिन, शेजारी-शेजारी सीट, शेपटीला चाक. ते कब नव्हे, एरॉन्का या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या विमानाच्या वळणाचं. चांगला प्लॅन कुणाकडे असेल तर मला जरूर कळवा.

उडवताना दोन गोष्टी. फोमवर तुम्ही नुसत्या एलेरॉनवर (पंखांच्या टोकांकडच्या हलणाऱ्या पट्ट्यांवर) वळत असाल. कबवर ते चालणार नाही, नाक उलट्या दिशेला ओढतं. एलेरॉन वर जास्त आणि खाली कमी जाईल असं सेटिंग ठेवा आणि डाव्या हाताला रडरची सवय लावा. टेकऑफला थ्रॉटल हळूहळू वाढवा. वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असल्यामुळे शेपूट एकदा बाजूला गेली की जातच राहते, म्हणून ती जरा सरकली की लगेच रडर द्या, मोठं वळण व्हायची वाट बघू नका. चाकं मोठी घ्या, साधारण अकरा सेंटिमीटरची. खऱ्या कबलाही जाड, मऊ टायरच असतात. भातकापणीनंतरच्या खाचरात धसकटांत लहान चाक अडकलं की विमान नाकावर उभं राहतं आणि प्रॉपेलर जातो.

जागेबद्दल: खारघरच्या मोकळ्या मैदानांवर हे विमान नेऊ नका. उलव्याचा नवी मुंबई विमानतळ डिसेंबर २०२५ पासून चालू आहे, तुम्ही त्याच्या अगदी जवळ आहात. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा कुठल्या रंगात येते ते दर वेळी बघा, नकाशा बदलत असतो. आम्ही ठाण्याची मंडळी मुरबाडच्या बाजूला जातो, तुम्हाला कर्जत सोयीचं पडेल. शेतमालकाला आधी विचारा, बांधावरून चालत जा, पिकातून नाही.

पंख पावसाळ्यात भिंतीला टेकवून उभे ठेवू नका, पीळ पडतो. आडवे, सपाट, पलंगाखाली. अर्धा पंख साधारण सव्वा ते दीड मीटरचा होईल, तेव्हा कापायला टाकण्यापूर्वी तुमच्या लिफ्टचं आणि गाडीच्या मागच्या सीटचं माप घ्या.

प्लॅन निवडलात की काऊलच्या आणि एलेव्हेटरच्या पानांचे फोटो टाका. दोन्ही एकाच विमानाचे आहेत की नाहीत ते बघून सांगतो.