घोडा, घोडी आणि घोडं

प्रश्न असा आहे: बंदुकीच्या भागाला घोडा का म्हणतात, आणि 'मी तुझं काय घोडं मारलंय?' यात 'घोडा' का चालत नाही?

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण मराठीचा खास रंग तिथे आहे. पोरगा-पोरगी-पोरगं, कुत्रा-कुत्री-कुत्रं, तसंच घोडा-घोडी-घोडं. नपुंसकलिंगी रूपात नर की मादी हा मुद्दाच उरत नाही, शिवाय जनावराचा रुबाब उतरतो. मग ते अलगद 'काम', 'प्रकरण' या अर्थाकडे सरकतं. घोडं अडतं, घोडं पेंड खातं, शेवटी एकदाचं गंगेत न्हातं. आणि जो तो आपलंच घोडं पुढे दामटतो. इथे 'घोडा' घालून बघा, चार पायांचा खराखुरा प्राणी समोर उभा राहतो आणि वाक्य फसतं. अनेकवचनात मात्र कागदी घोडेच नाचतात, वरातीमागूनही घोडेच येतात.

बंदुकीत बोटाने ओढतात तो चाप आणि त्यामुळे सुटून आदळतो तो घोडा. आता दोन्हींची सरमिसळ झाली आहे, पण ती झेप लक्षात घेतली की नाव पटतं. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात ती घोडी. तिथे झेप नाही, भार वाहणं आहे. 'घोडचूक', 'घोडनवरी' यांतला 'घोड' फक्त आकार किंवा वय मोठं असल्याचं सांगतो.

व्युत्पत्ती: संस्कृत घोटक, प्राकृतातून घोडा. ऋग्वेदात अश्व आहे, घोटक नाही. तमिळ कुदिरै, कन्नड कुदुरे, तेलुगू गुर्रम् यांच्याशी घोटकाचं नातं असावं, असं काही अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटण्यासारखं वाटतं. अश्वाचं गोत वेगळं: अवेस्तातला अस्प, लॅटिनमधला एक्वस. जामास्प या पारशी नावात तोच अस्प आहे.

आणि 'स्वार'? तो फारसी 'सवार'. त्याचं प्राचीन पर्शियन रूप 'असबार', त्यातला 'अस' म्हणजे घोडाच. म्हणजे 'घोडेस्वार' या शब्दात दोन घोडे आहेत, आणि सायकलस्वाराच्या बुडाखालीही एक दडलेला आहे.