सगळेच मोटर लावतात, मग मीच का नाही?

समुपदेशनाला येणारे बरेच जण झोप, मुलांचा अभ्यास, घरातली कुरबुर असं काहीतरी कारण घेऊन येतात. बोलता बोलता मूळ दुखणं बाहेर येतं, "मॅडम, सगळेच असं वागतात. मी एकटीनं नीट वागून काय उपयोग? उलट मीच येडी ठरते." सिग्नलला थांबला म्हणून मागच्यांचे हॉर्न ऐकावे लागणारा तरुण हेच विचारतो. ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या आजीही हेच विचारतात. साताऱ्यातल्या एका ताईंनी हा प्रश्न कसा सोडवला ते त्यांच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

ताई चाळिशीच्या, शाळेत शिक्षिका. पहाटे साडेचारला धडधडत जाग येते आणि मग दिवसभर चिडचिड होते, ही तक्रार घेऊन आल्या होत्या. साडेचारलाच का, असं विचारल्यावर कळलं की ती त्यांच्या गल्लीत पाणी सुटायची वेळ.

घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, चढाच्या गल्लीत. खालच्या घरांना पाणी धो-धो येतं, वर जावं तसा दाब कमी होत जातो. त्यात जवळपास प्रत्येकानं नळाला थेट मोटर जोडलेली. खाली चार मोटरी घरघरायला लागल्या की वरच्या नळातून आधी फस्स करून हवा येते, मग करंगळीएवढी धार. शेवटच्या घरी एक म्हातारं जोडपं राहतं. ते त्या धारेखाली तांब्या धरतात, तांब्या भरला की कळशीत ओततात, असं तासभर चालतं. शिवाय मोटरीनं ओढून पाइपमधला दाब फारच कमी झाला, की गळक्या जोडातून बाहेरचं गटाराचं पाणीही आत ओढलं जातं. एका पावसाळ्यात वरच्या घरातल्या पोराला जुलाब झाले, नळाच्या पाण्याला वास येत होता. ताईंनी हे सगळं समजून घेतलं आणि स्वतःची मोटर काढून ठेवली.

इथपर्यंत सगळं चांगलंच होतं. त्रास पुढे सुरू झाला. टाकी अर्धीच भरायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "साऱ्या गल्लीचं पुण्य तूच कमवायला निघालीयस का?" एका पहाटे यजमानांनी न सांगता मोटर परत लावली. ताई फाटकात उभं राहून कुणाकुणाची मोटर चालू आहे ते ऐकायच्या आणि दिवसभर ती यादी डोक्यात घोळवायच्या. हळदी-कुंकवाला जाणं बंद केलं. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "ज्यांना लाज असेल त्यांनी मोटर काढावी." दोन अंगठे आले आणि एकजण ग्रुपमधून बाहेर पडला.

मोटर काढणं ही त्यांची जबाबदारी होती आणि ती त्यांनी घेतली, याचा मला मनापासून आदर वाटला. झोप उडवत होतं ते वेगळंच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून विकसित केलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत इच्छा आणि हट्टाग्रह यांत फरक केला जातो. "शेजाऱ्यांनी विचार करावा" ही इच्छा झाली. "त्यांनी तसं वागलंच पाहिजे, नाहीतर ती माणसंच वाईट" हा हट्टाग्रह. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं, पण माणूस पुढची खटपट करू शकतो. हट्टाग्रहात नुसता संताप उरतो, आणि संतापलेल्या माणसाचं बरोबर असलेलं बोलणंही कुणी ऐकून घेत नाही. "म्हणजे मी चालवून घ्यायचं?" ताईंनी तडकून विचारलं. अजिबात नाही. पण ज्यांच्याशी बोलायचं, त्यांना आधीच गुन्हेगार ठरवून कसं चालेल?

इथे मी त्यांना स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात झालेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. फिशबाखर, गेश्टर आणि फेर या संशोधकांनी तो 2001 मध्ये प्रसिद्ध केला. इतरांनी सगळ्यांच्या सामाईक डब्यात अमुक पैसे घातले तर तुम्ही किती घालाल, असं त्यांनी लोकांना विचारलं होतं. दुसऱ्यांनी काही का करेना, आपण एक पैसाही घालायचा नाही, असे निव्वळ फुकटे सुमारे 30 टक्के निघाले. साधारण निम्मे लोक मात्र "इतर देतील तसं मी देईन" या जातीचे होते. ते वाट बघत असतात. आपल्या गल्लीतही बहुतेक जण असेच असतात, असं माझं ठाम मत आहे.

ताईंना गृहपाठ दिला. एका घरी जायचं, उपदेश करायचा नाही, फक्त विचारायचं, "तुम्ही मोटर का लावता?" मधल्या घरातल्या काकू म्हणाल्या, "आम्हाला काय हौस आलीय व्हय लाईट बिल भरायची? खालची चालू झाली की आमचं पाणी तुटतंय, म्हणून लावायची." पुढच्या घरी थोड्याफार फरकानं तेच उत्तर. ताई म्हणाल्या, "मॅडम, प्रत्येकजण दुसऱ्याच्या मोटरीला भिऊन मोटर लावतोय."

मग मी मोहित्यांच्या वडगावचा विषय काढला. सांगली जिल्ह्यातल्या या गावात 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात. एकट्या घरानं टीव्ही बंद केला तर पोरं शेजारी जाऊन बसतील. सगळ्यांनी एकाच वेळी केलं म्हणून ते जमलं. भोंग्याची कल्पना ताईंनी आपल्या पद्धतीनं उचलली. आता पाणी सुटलं की आधी वरची तीन घरं भरून घेतात, त्यातलं कुणीतरी ग्रुपवर "भरलं" एवढंच लिहितं आणि मग खालच्यांनी लागली तर मोटर लावायची. म्हाताऱ्या जोडप्याची कळशी आता थेट नळाखाली बसते.

एक घर अजूनही ऐकत नाही. त्यांच्याशी दोनदा शांतपणे बोलून झालं. ताईंना अजून पहाटे जाग येते, पण फाटकात न जाता त्या परत झोपू शकतात. त्या घराबद्दल पालिकेत अर्ज द्यावा का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जरूर द्या. थेट लाइनवर मोटर लावायला परवानगी नसते आणि तक्रार करणं म्हणजे वैर धरणं नव्हे. फक्त अर्ज एकटीच्या नावानं देऊ नका, गल्लीतल्या चौघांच्या सह्या घ्या, आणि देण्याआधी त्या घरी जाऊन "आम्ही अर्ज देतोय" हे तोंडावर सांगा.