घरात पडून असलेली अमेरिकी तिकिटं पत्रावर चालतील का?

अमेरिकेत राहणारे बरेच वाचक खणात सापडलेल्या जुन्या टपाल तिकिटांबद्दल विचारतात. त्यातले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. सगळे हिशेब १३ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या दरांनी केले आहेत. दर वाढले की बेरीज नव्याने करावी लागेल.

प्रश्न : २००७ साली घेतलेली, घंटेचं चित्र असलेली 'फॉरेव्हर' तिकिटं सापडली. तेव्हा एक ४१ सेंटला पडलं होतं. आता फरकाची तिकिटं वर चिकटवायची का?

उत्तर : गरज नाही. ही तिकिटं १२ एप्रिल २००७ ला पहिल्यांदा आली. ज्या दिवशी पत्र टाकाल, त्या दिवशी देशांतर्गत एक औंसाच्या साध्या पत्राचा जो दर असेल, तीच त्यांची किंमत. आज तो ७८ सेंट आहे, म्हणजे एक तिकीट पुरेसं. २०११ पासून साध्या पत्रासाठी निघालेली जवळजवळ सगळी तिकिटं फॉरेव्हरच आहेत. मात्र ती परत देऊन रोख पैसे मिळत नाहीत. वापरणं किंवा कुणाला देऊन टाकणं एवढेच मार्ग.

बहुतेकांचे पैसे वाया जातात ते जड पत्रावर. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. लांबट ऑफिस पाकिटात साध्या कागदाचे चार ताव घातले तर पत्र एक औंसात बसतं, पाचव्या तावाला ते ओलांडतं. पुढच्या औंसाला लागतात फक्त २९ सेंट, पण लोक सवयीने दुसरं फॉरेव्हर लावून मोकळे होतात आणि ४९ सेंट घालवतात. जास्तीचं कुणी परत करत नाही. एक फॉरेव्हर आणि २९ सेंटचं एक जुनं तिकीट लावा, दोन औंसांचे १ डॉलर ७ सेंट बरोबर भरतात.

प्रश्न : काही तिकिटांवर किंमतच नाही, नुसतं इंग्रजी अक्षर आहे. काहींवर फक्त 'फर्स्ट-क्लास' छापलंय. हीसुद्धा फॉरेव्हरच समजायची ना?

उत्तर : नाही, आणि पत्रं परत येण्याचं हे मोठं कारण आहे. दर वाढणार हे ठरलेलं, पण आकडा नक्की व्हायचा असताना छापून ठेवलेली ही तिकिटं आहेत. विकली गेली तेव्हाच्या दरालाच त्यांची किंमत गोठली. ए (१९७८) १५ सेंट, बी आणि सी (दोन्ही १९८१) अनुक्रमे १८ आणि २०, डी (१९८५) २२, ई (१९८८) २५, एफ (१९९१) २९, जी (१९९४) ३२, एच (१९९८) ३३. जी अक्षराची काही तिकिटं पोस्टकार्डाच्या दराची, २० सेंटची आहेत, त्यामुळे त्यांवरचा बारीक मजकूरही वाचा. वर सांगितलेल्या दुसऱ्या औंसासाठी एफ अगदी नेमकं बसतं.

'फर्स्ट-क्लास' लिहिलेली तिकिटं जास्त फसवी. तिकीट भिंगाखाली धरा. 'फॉरेव्हर' हा शब्द कुठेच नसेल, तर तळाच्या कडेला बारीक आकड्यांत छापलेलं वर्ष शोधा. २००० किंवा २००१ असेल तर ३४ सेंट, २००२ असेल तर ३७, २००५ किंवा २००६ असेल तर ३९. २००७ ची गोष्ट निराळी. त्या वर्षी घंटेची फॉरेव्हर निघाली, तशीच फक्त 'फर्स्ट-क्लास' लिहिलेली ध्वजाची ४१ सेंटचीही निघाली. एकाच पाकिटात ठेवलेली असतील तर आधी वेगळी करा.

प्रश्न : सासऱ्यांनी जमवलेली न वापरलेली तिकिटं ढीगभर आहेत, काही पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. ती पत्रांना वापरता येतील का? कशी लावावीत?

उत्तर : येतील. यादवी युद्धाच्या सुरुवातीला, १८६१ मध्ये, दक्षिणेच्या हाती असलेला साठा निकामी करण्यासाठी तोवरची तिकिटं रद्द झाली. त्यानंतरची अमेरिकेची टपाल तिकिटं छापील किमतीला आजही चालतात, हवाई टपालाचीसुद्धा. चालत नाहीत ती पोस्टेज ड्यू, स्पेशल डिलिव्हरी आणि सर्टिफाइड मेलची तिकिटं, तसंच पक्षी-शिकारीच्या परवान्याची. टपाल खात्याच्या छापील पाकिटावरचं तिकीट कापून दुसरीकडे लावलं तर तेही बाद. लावायला बसण्यापूर्वी संग्राहकांच्या किंमत-पुस्तकात एकदा नजर टाका. १९४० नंतरची बहुतेक तिकिटं छापील किमतीपलीकडे फारसं काही मिळवून देत नाहीत, पण त्याआधीची असतील तर जाणकाराला दाखवल्याशिवाय एकही लावू नका.

७८ च्या जोड्या सहज जमतात : ३९ ची दोन, ३७ आणि ४१, ३४ आणि ४४, ३३ आणि ४५, किंवा २९ ची दोन आणि २० चं एक. सगळी वरच्या उजव्या कोपऱ्यापासून डावीकडे रांगेत लावा. एकाची कड दुसऱ्यावर चढली तर खालचं तिकीट मोजणीत धरत नाहीत. पत्ता वाचणारं यंत्र पाकिटाच्या तळापासून पाच अष्टमांश इंच ते पावणेतीन इंच या पट्ट्यात बघतं, तेव्हा तिकिटं तिथपर्यंत उतरू देऊ नका. खालचा उजवा कोपरा, पावणेपाच इंच रुंद आणि पाच अष्टमांश इंच उंच, बारकोडसाठी कोरा हवा. छोटी तिकिटं जास्त झाली तर पाकीटच मोठं घ्या, पण लांबी साडेअकरा इंचाच्या आणि उंची सहा आणि एक अष्टमांश इंचाच्या आत ठेवा. उंची त्याच्या वर गेली की ते पत्राच्या दरात बसत नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९६३ पासून अमेरिकेच्या तिकिटांवर एक चमकणारा रासायनिक लेप द्यायला सुरुवात झाली. तो पाहून यंत्र पाकीट सुलट करतं आणि शिक्का मारतं. त्याआधीच्या तिकिटांवर आणि अगदी कमी किमतीच्या तिकिटांवर हा लेप नसतो. नुसती तीच लावलेली पत्रं यंत्र बाजूला टाकतं आणि मग ती हाताने हाताळावी लागतात. एखादं तरी अलीकडचं तिकीट सोबत असू द्या, किंवा पत्र थेट काउंटरवर द्या. जुना डिंक धरत नसेल तर मागे ग्लू स्टिक फिरवा. वरून पारदर्शक टेप कधीही लावू नका, टेपखालच्या तिकिटावर शिक्का उमटत नाही म्हणून ते बाद होतं.

प्रश्न : लग्नपत्रिकेचं पाकीट चौकोनी आहे, वर उठावाचा गणपतीही आहे. एक फॉरेव्हर पुरेल?

उत्तर : पुरणार नाही. लांबी भागिले उंची १.३ पेक्षा कमी आली, म्हणजे चौकोनी पाकीट आलंच, किंवा जाडी एकसारखी नसली, की यंत्रात न जाणाऱ्या पत्राचे ४९ सेंट वर द्यावे लागतात. एक औंसाला १ डॉलर २७ सेंट : एक फॉरेव्हर, ३४ चं एक आणि १५ चं एक. पत्रिका सहसा दोन औंसांत जाते, आणि तिथे सध्या बेरीज फार सोयीची आहे. ७८, २९ आणि ४९ मिळून १ डॉलर ५६ सेंट, म्हणजे बरोबर दोन फॉरेव्हर. जाडी पाव इंचाच्या वर गेली तर हा हिशेब लागू नाही. एक भरलेली पत्रिका आधी काउंटरवर वजन करून घ्या, तिकिटं मग विकत घ्या. पैसे कमी पडले तर पत्रिका परत येते किंवा पाहुण्यांकडे बाकीचे पैसे मागितले जातात, आणि ते फारच ओशाळवाणं.

प्रश्न : ही तिकिटं लावून भारतात पत्र जाईल?

उत्तर : जाईल. एक औंसाला १ डॉलर ७० सेंट. दोन फॉरेव्हरचे १.५६ होतात, वर १४ सेंट लावा. ३४ आकडा छापलेली असतील तर पाच बरोबर बसतात. अक्षरांची तिकिटं मात्र देशांतर्गत पत्रांसाठीच ठेवा. पाकिटात कागदपत्रंच असावीत. वस्तू परदेशी पत्राच्या दराने पाठवता येत नाही, राखीही नाही.

प्रश्न : इंटरनेटवर फॉरेव्हरचे रोल निम्म्या किमतीत दिसतात. घ्यावेत का?

उत्तर : घेऊ नका. नवी कोरी फॉरेव्हर वीस ते पन्नास टक्के सवलतीत, तीही मोठ्या संख्येने मिळत असतील तर ती बनावट असण्याचीच शक्यता जास्त. २०२३ पासून बनावट तिकीट लावलेलं टपाल बेवारस धरतात. ते परत येत नाही, खातं उघडून त्याची विल्हेवाट लावू शकतं. आकडा छापलेली जुनी तिकिटं तिकीट-विक्रेते छापील किमतीपेक्षा कमीत विकतात, तो व्यवहार खरा असतो.

प्रश्न : आलेल्या पत्रावरच्या तिकिटावर शिक्काच पडलेला नाही. काढून पुन्हा वापरलं तर?

उत्तर : एकदा टपालातून गेलेलं तिकीट संपलं, शिक्का असो वा नसो. ते पुन्हा लावणं गुन्हा आहे.

प्रश्न : डिंकाची जुनी तिकिटं एकमेकांना चिकटून गठ्ठा झालाय. कशी सोडवावीत?

उत्तर : पाण्यात बुडवू नका, सगळा डिंक धुऊन जातो. झाकणाच्या डब्यात तळाशी ओला, पिळलेला स्पंज ठेवा, त्यावर जाळी, आणि गठ्ठा जाळीवर. पाणी तिकिटांना लागता कामा नये. झाकण लावून काही तास ठेवा आणि अधूनमधून कोपरा हलवून बघा. सैल झाला की बोथट चिमट्याने एकेक सोडवा. जोर लावला तर कागदाचा पापुद्रा निघतो आणि फाटकं तिकीट चालत नाही. सुटलेली तिकिटं डिंकाची बाजू वर करून वाळवा, मग मेणकागदात घालून जड पुस्तकाखाली ठेवा. डिंक उरला नसला तर लावताना ग्लू स्टिक वापरा.