वाचकांचे प्रश्न : आयकिडोच्या सुरुवातीच्या वर्गासाठी पोशाख कसा निवडावा?

प्रश्न : माझे वय ४२ असून मी बँकेत नोकरी करतो. नुकताच आयकिडो या जपानी युद्धकलेच्या नवशिक्यांच्या वर्गात दाखल झालो आहे. सध्या ट्रॅक पँट आणि टी-शर्ट घालून सराव करतो. आमच्या सरांनी ‘पांढरा गी (सरावाचा पोशाख) घ्या, कोणताही चालेल’ एवढेच सांगितले. दुकानदाराने कराटेचा ड्रेस दाखवला, मग ज्युडोचा दाखवला. इंटरनेटवर मात्र खास आयकिडोचा म्हणून तिसराच प्रकार दिसतो आणि तो बराच महाग आहे. नेमका कोणता घ्यावा?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण एकेरी विणीचा, हलका ज्युडोचा पोशाख घ्यावा. तो मिळाला नाही तर मध्यम जाडीचा, शंभर टक्के सुती कराटेचा पोशाख चालेल. खास आयकिडोसाठी शिवलेला पोशाख चांगला असतो, परंतु पहिल्या वर्षात त्यावर खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

या पोशाखांमधला फरक त्या त्या कलेच्या गरजेतून आलेला आहे. आज आपण ज्याला गी म्हणतो तो घडवला ज्युडोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी. १८८२ मध्ये त्यांनी कोडोकान ही संस्था सुरू केली आणि सरावाचा अंगरखा तिथे हळूहळू आजच्या रूपाला आला. ज्युडोत प्रतिस्पर्ध्याची कॉलर आणि बाही धरूनच सारा खेळ चालतो, त्यामुळे तो अंगरखा ओढाताण सोसेल अशा जाड, दाणेदार विणीचा करावा लागला. गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला आले आणि पुढे कराटेनेही हाच पोशाख उचलला. पण कराटेत धरण्यापेक्षा प्रहार अधिक, म्हणून तिथे कापड साध्या विणीचे आणि पातळ झाले. आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांच्या परंपरेत आजही सरावाला बहुधा ज्युडोच्याच धर्तीचा अंगरखा वापरतात.

आता आपल्या वर्गात प्रत्यक्ष काय घडते ते पाहा. जोडीदार बहुतेक वेळा आपले मनगट धरतो, काही वेळा खांद्यावरचे कापड मुठीत घेतो, तर काही वेळा मागून कॉलर पकडतो. त्यानंतर आपण मॅटवर पडतो, खांद्यावरून गोल लोळण घेतो आणि पुन्हा उभे राहतो. एका तासाच्या वर्गात हे कित्येकदा होते. टी-शर्टचा गळा या ओढीने लोंबू लागतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जोडीदाराला खांदा किंवा कॉलर नीट धरताच येत नाही, म्हणून त्याचाही सराव अपुरा राहतो. अगदी पातळ कराटेच्या अंगरख्याचीही हीच अडचण आहे. त्याची खांद्याची आणि बगलेची शिवण काही महिन्यांत उसवू लागते.

कराटेच्या कापडाचे वजन बहुधा औंसांत सांगतात. आठ औंस म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे २७० ग्रॅम. हे कापड आपल्या कामासाठी पातळ आहे. दहा ते बारा औंसांचे, म्हणजे साधारण ३४० ते ४०० ग्रॅमचे कापड घ्यावे. ज्युडोचा एकेरी विणीचा अंगरखा याच्या जवळपास किंवा थोडा जड असतो, पण त्याची वीण मोकळी असल्याने हवा खेळती राहते आणि घाम टिपला जातो. दुहेरी विणीचा, स्पर्धेतल्या ज्युडोपटूंचा पोशाख मात्र याच्या दुपटीच्या आसपास जड असतो. दुकानदार तो ‘सर्वांत टिकाऊ’ म्हणून पुढे करील, आणि ते खोटेही नाही. पण ठाण्याच्या दमट हवेत पंख्याखाली सराव करणाऱ्या नवशिक्याने तो अंगावर घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. घामाने तो आणखी जड होतो, आणि पावसाळ्यात मंगळवारी धुतलेला अंगरखा गुरुवारच्या वर्गापर्यंत वाळण्याची खात्री देता येत नाही.

कापडात पॉलिएस्टर किती आहे हे लेबलवर वाचून घ्यावे. मिश्र कापड लवकर वाळते, कमी आटते आणि स्वस्तही असते. परंतु ते घाम शोषत नाही, अंगाला चिकटते आणि धरणाऱ्याच्या हातातून सटकते. निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर असलेला पोशाख मी कोणालाही सुचवणार नाही.

दुकानात गेल्यावर तीन गोष्टी अंगावर घालूनच तपासाव्यात, आणि त्यात बाही पहिली. दोन्ही हात समोर सरळ करावेत आणि सोबत आलेल्या माणसाला आपले मनगट पूर्ण पंजाने घट्ट धरायला सांगावे. त्याच्या हातात आपली कातडी यायला हवी, कापड येता कामा नये. त्यासाठी बाही मनगटाच्या हाडापासून चार बोटे वर संपलेली बरी. ज्युडोच्या बाह्या नियमानुसार मनगटापर्यंत लांब असतात, म्हणून त्या बहुधा दुमडून शिवून घ्याव्या लागतात. खास आयकिडोच्या पोशाखात त्या मुळातच आखूड असतात, आणि जास्तीच्या किमतीतून मुख्यतः एवढेच मिळते. शिंप्याकडे हे काम थोडक्यात होते. बाही नुसती वर गुंडाळून सराव करू नये, कारण त्या गुंडाळीत जोडीदाराची बोटे अडकून मुरगळण्याची भीती असते.

दुसरी गोष्ट गुडघ्यांची, आणि नवशिके नेमके हेच विसरतात. आयकिडोत बसून करण्याची तंत्रे आहेत आणि गुडघ्यांवर चालण्याचा, म्हणजे शिक्कोचा, सराव पुष्कळ असतो. ज्युडोच्या पँटला गुडघ्यावर दुहेरी कापड असते, कराटेच्या पँटला ते बहुधा नसते. आपण कराटेचा पोशाख घेतलाच, तर गुडघ्याच्या वरपासून निम्म्या नडगीपर्यंत त्याच कापडाचा तुकडा पहिल्याच आठवड्यात लावून घ्यावा. कापड विरल्यावर लावलेला तुकडा कडेने फाटत जातो. पँटची लांबी घोट्यापर्यंतच ठेवावी, कारण गुडघ्यांवर चालताना लांब पँट पायाच्या बोटांखाली येते आणि माणूस तोंडावर पडतो. कमरेला इलॅस्टिकपेक्षा नाडी चांगली. ओल्या, जड झालेल्या पँटला इलॅस्टिक धरून ठेवत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे वज्रासनात बसून पुढे वाकून पाहावे. मांड्यांवर किंवा पाठीवर कापड ताणले जात असेल, तर एक माप मोठे घ्यावे.

मापाचे म्हणाल, तर बहुतेक पोशाखांवर उंची सेंटिमीटरमध्ये छापलेली असते : १६०, १७०, १८० असे. आपली उंची दोन मापांच्या मध्ये येत असेल तर मोठे माप निवडावे, कारण न आटवलेले सुती कापड पहिल्या काही धुण्यांत पाच ते दहा टक्के आटू शकते. याच कारणाने नवा पोशाख रात्रभर थंड पाण्यात भिजवून, एक-दोनदा धुऊन वाळवल्याशिवाय बाही किंवा पँट आखूड करून घेऊ नये. पांढरा पट्टा बहुधा सोबतच मिळतो. तो कमरेभोवती दोनदा फिरून गाठ मारल्यावर दोन्ही टोके सारखी आणि वीतभर लोंबली म्हणजे पुरे.

खरेदीपूर्वी सरांना एक प्रश्न अवश्य विचारावा : वर्गाचे बोधचिन्ह लावायचे असते का, आणि दुसऱ्या कलेचे किंवा कंपनीचे मोठे चिन्ह असलेला अंगरखा चालतो का? पाठीवर ठळक अक्षरांत ‘कराटे’ छापलेला ड्रेस स्वस्तात मिळतो म्हणून अनेक जण घेतात, आणि मग तो बदलावा लागतो.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तो आधी तायक्वांदोला जात होता, आता आयकिडोला जातो. तायक्वांदोचा ड्रेस अजून नवाच आहे. तोच वापरला तर चालेल का? नवा घ्यायचा झाल्यास वाढत्या अंगाचा किती मोठा घ्यावा?
— एक पालक, नाशिक

उत्तर : पँट वापरा, अंगरखा नको. तायक्वांदोचा नेहमीचा अंगरखा डोक्यातून घालायचा, इंग्रजी व्ही अक्षराच्या गळ्याचा असतो. त्याला समोरून उघडणारी, एकावर एक येणारी कॉलर नसते, आणि आयकिडोत कॉलर धरूनच काही तंत्रे शिकवली जातात. शिवाय त्याचे कापड बहुधा पातळ आणि मिश्र असते. पहिले दोन-चार आठवडे मुलाचा कल पाहण्यापुरता तोच घालू द्यायला हरकत नाही. वर्गाच्या सरांना तेवढे सांगून ठेवावे.

मुलांसाठी मी ज्युडोऐवजी साधा सुती कराटेचा पोशाख सुचवतो. लहान मुलांचे वजन कमी, ओढही कमी. जड अंगरख्यात ती लवकर दमतात. माप त्याच्या उंचीपेक्षा एकच पायरी मोठे असावे : उंची १३० सेंटिमीटर असेल तर १४० चे. बाही आणि पँट न कापता आत दुमडून हाताने लांब टाके घालावेत, म्हणजे उंची वाढेल तशी दुमड सोडता येते. दोन पायऱ्या मोठा घेण्याची काटकसर टाळावी. खांद्यावरून लोळण घेताना मुलाचा पाय सैल कापडात अडकलेला मी पाहिला आहे, आणि त्या वयात एकदा पडण्याची भीती बसली की ती जायला फार वेळ लागतो. वर्गातल्या मोठ्या मुलांचे आखूड झालेले पोशाख मिळतात का, तेही विचारून पाहावे; दोन-तीन वर्षे धुऊन मऊ झालेले कापड लहान मुलांना नव्यापेक्षा अधिक मानवते.

प्रश्न : मी आणि माझी जाऊ, आम्ही दोघींनी सोबत वर्ग लावला आहे. अंगरखा समोरून उघडतो याचा संकोच वाटतो. आत काय घालावे? मंगळसूत्र आणि बांगड्या काढाव्याच लागतात का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपला संकोच स्वाभाविक आहे आणि त्यावर उपायही सोपा आहे. स्त्रिया अंगरख्याच्या आत अंगाबरोबर बसणारा, वर गळ्यापर्यंत येणारा पांढरा सुती टी-शर्ट घालतात. जपानमध्येही ही रीत आहे. त्याखाली खेळासाठीची आधार देणारी अंतर्वस्त्रे असावीत. दोन्ही बाजूंना बांधायचे बंद कराटेच्या अंगरख्याला बहुधा असतात आणि ज्युडोच्या अंगरख्याला नसतात. तुम्ही दोघींनी बंद असलेलाच घ्यावा, किंवा घरी आतल्या बाजूने नाडीचे तुकडे शिवून घ्यावेत. पट्टा पोटावर न बांधता त्याखाली, कमरेच्या हाडांवर टेकेल असा बांधला म्हणजे अंगरखा वर सरकत नाही. डावी बाजू नेहमी उजव्या बाजूवर यावी, स्त्री-पुरुष दोघांचीही. जपानमध्ये उजवी बाजू वर फक्त मृतदेहाच्या वस्त्राला ठेवतात, म्हणून ही चूक शिक्षक लगेच दुरुस्त करतात.

बांगड्या, अंगठ्या, कानातले, साखळी हे सारे वर्गापुरते काढावे लागते, आणि यात मी सवलत सुचवू शकत नाही. काचेची बांगडी फुटली तर जोडीदाराच्या तळव्यात घुसते, आणि कॉलर धरणाऱ्याच्या बोटांत मंगळसूत्र अडकले तर गळ्याला इजा होते. मंगळसूत्र काढणे मनाला पटत नसेल, तर सरांशी आधीच मोकळेपणाने बोलावे. काही जणी लहान, वाटीशिवायची पोत घालून ती टी-शर्टच्या आत चिकटपट्टीने बसवतात. पण माझ्या मते लहान बटव्यात ठेवून पिशवीत जपणे हेच अधिक सुरक्षित.

प्रश्न : काळ्या रंगाचा घोळदार हाकामा (गीवर घालायचे पायघोळ वस्त्र) मी आत्ताच घेऊन ठेवू का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : घेऊ नये. पुष्कळ वर्गांत हाकामा ब्लॅक बेल्टच्या पहिल्या पदवीपासून, म्हणजे शोदानपासून, घालतात. काही ठिकाणी स्त्रियांना तो आधी घालू देतात. हा निर्णय सर्वस्वी आपल्या शिक्षकांचा असतो. पुढे पाच आणि मागे दोन घड्या असलेले हे वस्त्र पायांची हालचाल झाकते, आणि सुरुवातीला शिक्षकांना आपली पावले आणि गुडघे दिसणेच आवश्यक असते. तेवढ्या पैशांत दुसरा अंगरखा घ्यावा. आठवड्यात तीन वर्ग असतील तर त्याची खरी गरज पडते.

प्रश्न : पावसाळ्यात गीला कोंदट वास येतो आणि कॉलर पिवळी पडते. काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : वर्गाहून आल्यावर अंगरखा पिशवीतून लगेच बाहेर काढून हँगरवर पंख्याखाली टाकावा आणि शक्य तर त्याच रात्री धुवावा, वास बहुतेक वेळा पिशवीतच सुरू होतो. कॉलर अनेक पदरी असल्याने सर्वांत शेवटी वाळते, म्हणून ती उलगडून, आतली बाजू वर करून वाळत घालावी. ब्लीच वापरू नये, त्याने सुती धागा कमजोर होतो आणि अंगरखा ऐन खांद्यावर फाटतो. पिवळेपणावर नीळ चालते. खळ मात्र घालू नये : कडक झालेली कॉलर मानेला घासते. रक्ताचा डाग पडला तर गरम पाणी लावू नये, थंड पाण्यात लगेच धुवावा. पट्टा धुवू नये असा एक समज आहे. तो घामाने ओला होणारा कापडाचाच तुकडा आहे, तोही धुवावा.